चौथ्या चाकावरची रेघ

माणूस खोटं बोलतो, सोयरा खोटं बोलतो, जाहिरात तर बोलतेच बोलते. खोटं बोलत नाही तो फक्त टायर, अशी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बीडहून घाट चढून वर आलं की मांजरसुंब्याचा चौक लागतो. तिथं चहूकडचे ट्रक जेवायला आणि डुलकी काढायला थांबतात. ढाब्यांच्या ओळीच्या टोकाला पत्र्याचं एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. ट्रकचा एक थोरला टायर दारात अर्धा पुरून ठेवलेला आहे, तीच पाटी. आत जे गृहस्थ बसतात त्यांना ड्रायव्हर, ढाबेवाले, एसटीचे कंडक्टर, झाडून सगळे चाचा म्हणतात. बारीक अंगकाठी, मेंदी लावलेली दाढी, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी वाईट बातमी सांगून गेल्यासारखा भाव. त्यांची सगळी विद्या त्यांच्या उजव्या तळव्यात होती. टायरवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे. 'होती' असं मी म्हणतो, कारण तो हात आता गेला आहे. तो जाताना मी जे वागलो ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझी ओळख सांगायची तर मी बीडमध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. मी डॉक्टर नाही हे चाचांना किमान वीस वेळा सांगितलं, तरी त्यांच्या लेखी मी डागदरसाबच. माझा धंदा रूक्ष. लोक हसत येतात आणि कागद घेऊन गप्प होऊन जातात. आकडा वाईट असला की नातेवाईक हळूच विचारतात, जरा कमी करून नाही का देता येणार? मी आजवर एक टिंबसुद्धा हलवलेलं नाही. या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. बाकी अभिमान वाटावा असं काही नसल्यामुळेच की काय, पन्नाशीला टेकल्यावर मी पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून चालणारी. पहिल्याच दिवशी लॅबसमोरच्या पानवाल्यानं विचारलं, "बाकीची गाडी मागून येतीय का?" बायको एकदा बसली, उतरताना तिला दोघांनी हात द्यावा लागला, तेव्हापासून तिनं त्या गाडीचं नाव टाकलं. दर रविवारी सकाळी मी एकटाच घाट चढून मांजरसुंब्याला जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. सुख म्हणून काय ते एवढंच होतं.

गाडीबरोबर आलेले टायर गुळगुळीत झाले होते, म्हणून मी चाचांकडे गेलो. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. उकिडवे बसले, पुढच्या टायरवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ह्याचा पैला मालक एकटाच फिरायचा. ब्रेक लई दाबायचा. आन् आतली बाजू खाल्लीय, म्हंजी चाकं वाकडी हायत आन् त्यानं कुणाला दाखवली न्हाईत. अभिमानी माणूस." मी हसलो. रात्री पुण्याच्या त्या गृहस्थाला फोन केला तर तो म्हणाला, हो, घटस्फोटानंतर घेतली होती. त्यानंतर मी हसलो नाही. असे प्रसंग तिथं रोजचेच. एकदा माझ्यासमोर एका ट्रकच्या मागच्या टायरवर हात फिरवून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "तुझा मालक हिसाबापेक्षा जास्ती माल भरतो आन् तू तोंड उघडत न्हाईस. कावून बे?" तो सहा फुटी गडी मान खाली घालून म्हणाला, "चाचा, घरी तीन पोरी हायत." चाचांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

माझ्या गाडीसाठी टायर निवडायला चाचांनी दीड महिना घेतला. मी इंटरनेटवर रात्रंदिवस वाचून एक यादी करून नेली होती. पहिल्या नंबरावर शर्यतीच्या धाटणीचे, जवळजवळ सपाट, रस्त्याला डिंकासारखे चिकटणारे टायर. चाचांनी यादी घडी करून कानाच्या खाली खाजवायला वापरली. म्हणाले, "डागदरसाब, हे टायर तापल्याबिगर रस्ता धरत न्हाईत. तुमची गाडी तापायच्या आदी बीड संपतंय. आन् पाऊस आला तर पानी जायला वाट न्हाई त्यांच्यात, तुमाला घेऊन सरळ शेतात जातेल." मग त्यांनी मला प्रश्न विचारले. रविवारी किती वाजता निघता? उतारावर गिअर कोणता असतो? तेलगावकडं जाता का कधी, कारण तिकडं हंगामात ट्रॅक्टरमधून पडलेला ऊस रस्त्यावर चेंगरून निसरडं होतं. घरी कुणावर रागावून निघता का? हा शेवटचा प्रश्न मी उडवून लावायला बघत होतो, पण त्यांनी उत्तर घेतल्याशिवाय सोडलं नाही. स्वतःच्या मुलीला स्थळ बघताना माझ्या बहिणीनं एवढे प्रश्न विचारले नव्हते.

शेवटी ठरलेला टायर असा होता की त्याची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळी. आतल्या अर्ध्यात पाणी काढायला खोल नाल्या, बाहेरच्या अर्ध्यात वळणावर भार घ्यायला रबराचे रुंद, दमदार ठोकळे. म्हणून तो उलटा बसवला तर सगळंच उलटं होतं. वळणावर गाडी मऊ बाजूवर कलते आणि जी बाजू राबायची ती आत बसून राहते. कंपनी त्यावर इंग्रजीत आत-बाहेर असं लिहूनच देते, पण चाचा टायरवरचं अक्षर कधी बघत नसत. "ते कंपनीनं लिवलंय," म्हणायचे. "कंपनी काय आपला घाट उतरती का?" ते डोळे मिटून हात फिरवत आणि कुठली बाजू बाहेर ते तळव्याला विचारत. टायरच्या पोटावर कोणत्या आठवड्यात कोणत्या साली तो जन्मला हे सांगणारे चार उठावाचे आकडे असतात. तेसुद्धा ते अंगठ्यानं वाचत. मागवलेल्या चारांपैकी तीन टायर ताजे निघाले आणि चौथा अंगठ्याखाली आल्याबरोबर त्यांनी हात काढला. "हा बुढ्ढा हाय. तीन जवानांसंगं म्हाताऱ्याला कशाला जुंपता?" मी वाकून पाहिलं. खरंच, आकडे पाच वर्षांपूर्वीचे होते. टायर परत गेला, दुसरा यायला आणखी पंधरा दिवस.

जोडणीचं प्रकरण तर वेगळंच. बीडमध्ये यंत्रावर चाकं सरळ करून देतात, वीस मिनिटांचं काम. चाचा ते दोरीनं करायचे. गाडीच्या दोन्ही अंगांना पांढरा दोरा ताणायचा आणि पोलादी पट्टीनं चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजायचं. शिवाय रिकामी गाडी मोजणं त्यांना मंजूर नव्हतं. मला आत बसवलं. मग म्हणाले, "शेजारी भाबीचं वजन किती?" मी म्हणालो, ती बसत नाही आणि वजन मला विचारायचं धाडस नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ढाब्यावरून ज्वारीचं एक पोतं आणून शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. दीड तास मी आणि पोतं समोर बघत बसलो होतो. ही गोष्ट आमच्या घरी कशी पोचली देव जाणे. बायकोनं एवढंच विचारलं, "पोतं भरलेलं होतं की अर्धं?" मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही. हवा भरायची तर गाडी आल्या आल्या कधीच नाही. तास-दीड तास चाकं निवायची. तोवर घाईतल्या ट्रकवाल्यांनाही चहा पाजून बसवायचे. "तापल्या टायरचा आन् तापल्या मानसाचा आकडा धरू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सगळं झालं की शेवटचा विधी. पिवळ्या खडूनं चाकाच्या कडेपासून टायरपर्यंत बाहेरच्या बाजूला एक आडवी रेघ. टायर चाकावर घसरला तर रेघ तुटते आणि कळतं, एवढा तिचा उपयोग. पण चाचा ती सहीसारखी ओढत. त्या दिवशी घाट उतरताना माझी गाडी अशी चालली की मी घाटाखालच्या पाली गावापर्यंत रेडिओ लावायचं विसरलो.

चार वर्षं ते टायर चालले. रविवार आले आणि गेले, आमचा चहा झाला. मी ढाब्याच्या बाकावर आणि ते पुरलेल्या टायरवर. बोलणं फार नसायचं. दोघंही मुळात उदास प्रकृतीचे, त्यामुळे जमायचं. त्यांची बीबी गेली त्या आठवड्यातही मी गेलो होतो, तेव्हा ते फक्त म्हणाले, "टायर झिजून मेला तर नशीबवान, डागदरसाब. उभ्या उभ्या मेला तर वाईट." मला तेव्हा वाटलं ते बीबीबद्दल बोलतायत. आता वाटतं, त्यांनी स्वतःच्या हाताबद्दल तेव्हाच काहीतरी ओळखलं होतं. कारण त्याच सुमारास मी त्यांना किटलीतला उकळता चहा भरलेला काचेचा पेला आख्ख्या मुठीत धरून बसलेलं पाहिलं. माझ्या बोटांना तो कडेलाही धरवत नव्हता. पुढच्या रविवारी त्यांच्या बोटांवर फोड होते. म्हणाले, चटका बसला असंल कुठंतरी. दिवसाला चाळीस-पन्नास मधुमेही माझ्या खुर्चीत बसून जातात. हे काय आहे ते मला कळायला रिपोर्टची गरज नव्हती. मी म्हणालो, "चाचा, एकदा साखर बघू या." ते म्हणाले, "घट्टे पडलेत हाताला, दुसरं काय." आणि मी लगेच मान डोलावली. मला तो हात तसाच हवा होता, खरं सांगायचं तर एवढंच.

मागच्या वर्षी नवे चार टायर आले, तसेच. चाचांनी अंगठा आकड्यांवरून फिरवला, पुन्हा फिरवला आणि मला म्हणाले, "तुमीच वाचा, चष्मा घरी ऱ्हायलाय." आकडे वाचायला त्यांना चष्मा कधीपासून लागायला लागला, हे मी विचारलं नाही, वाचून दाखवले. मग नेहमीसारखं सगळं झालं. साबणाचं पाणी, चाकाला ओरखडा पडू नये म्हणून टायर चढवायच्या पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा, दोरा, ज्वारीचं पोतं. प्रत्येक टायर बसवण्याआधी डोळे मिटून हात. चार पिवळ्या रेघा. भोवती चार-पाच ट्रकवाले चहा पीत ते कौतुकानं पाहत होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, "हात बघ बे हात. मशीन झक मारती." मी पाठीमागून फेरी मारली आणि डाव्या अंगाच्या मागच्या चाकापाशी थांबलो. तीन टायरांवर 'बाहेर' असं इंग्रजीत लिहिलेली बाजू बाहेर होती. या चौथ्यावर माझ्याकडे बघत होती ती 'आत' लिहिलेली बाजू.

चाचा हात पुसत होते. बोलायला एक शब्द पुरला असता. पण त्या ट्रकवाल्यांसमोर, त्या शाबासकीच्या मधोमध, तो शब्द माझ्या तोंडातून येईना. "झ्याक," मी म्हणालो. "लई झ्याक झालंय, चाचा." आणि चाळीसच्या वेगानं, वळणावळणाला जीव मुठीत धरून घाट उतरलो. बीडच्या यंत्रवाल्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं एक नजर टाकली आणि विचारलं, "कुणी बसवला हो? आंधळ्यानं?" मी म्हणालो, "रस्त्यात बसवला कुठंतरी." चार वर्षांच्या चहाला मी असा जागलो. पाच मिनिटांत टायर उलटून सरळ बसला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं." मी म्हणालो, वाईट वाटलं असतं त्यांना. ती म्हणाली, "पेशंटना वाईट वाटत नाही वाटतं?"

नवे टायर बसवले की आठवड्याभरात गाडी दाखवायला आणायची, हा चाचांचा दंडक. मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी गेलो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चाचा उठले, गाडीला सावकाश फेरी मारली आणि डाव्या मागच्या चाकापाशी त्यांचे पाय थांबले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. टायर उलटला तशी त्याची रेघेची बाजू आत गेली होती, आणि चाकाच्या कडेवरचा खडू बीडच्या दुकानात पुसला गेला होता. तीन चाकांवर पिवळी रेघ आणि चौथं चाक कोरं.

"रेघ कुठाय?" चाचांनी विचारलं.

"धुताना गेली असेल."

"तिघांची न्हाई गेली."

चाचा उकिडवे बसले. तळवा टायरवर ठेवला. एरवी या क्षणी डोळे मिटायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांना डोळे उघडे ठेवून टायरवरून हात फिरवताना पाहिलं. ते हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि तो काय सांगतोय ते यांना ऐकू येत नाही. मग त्यांनी वाकून ते इंग्रजी अक्षर पाहिलं, पुढच्या चाकावरचं पाहिलं आणि दोन्ही जुळवून पाहिली. वाचता येत नसलं तरी दोन सारखी अक्षरं सारखी दिसतातच.

"उलटा लावलता मी," ते म्हणाले. "आन् तुमी बीडला जाऊन सुलटा केला."

"चाचा, लोक होते तिथं. मला वाटलं—"

"लोकांला तुमी रिपोर्ट देता ना? रडले तरी देता, तुमीच सांगितलं मला. मंग माझाच कावून दाबला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तीन हप्ते झाले. तवापासून किती गाड्यांला हात लावला मी. त्यात बायका-पोरं बसून गेली. एखादा उलटा गेला असंल तर?"

तोवर मी फक्त त्यांच्या अब्रूचा विचार केला होता, आणि खरं म्हणजे त्यांच्या नाही, माझ्या रविवारचा. चाचा उठून पुरलेल्या टायरवर जाऊन बसले आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "घ्या. खरा द्या."

घरी जाऊन रक्त तपासावं लागणारे पेशंट असतात म्हणून साखर मोजायचं छोटं यंत्र माझ्या गाडीत असतंच. मी ते आणलं, त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसलो, बोट पुसलं. ते चौकाकडे बघत होते. सोलापूरकडून एक ट्रक वळत होता आणि त्याच्या पुढच्या टायरात हवा कमी आहे असं काहीतरी ते पुटपुटत होते. मग वैतागून म्हणाले, "टोचा की लवकर, डागदरसाब. कवा टोचणार?"

त्यांच्या बोटावर रक्ताचा थेंब येऊन उभा होता.

एवढ्या वर्षांत हजारो बोटं टोचली, पण असं सांगायची वेळ कधी आली नव्हती. खोटं बोलायला पुन्हा जागा होती. पुन्हा एकदा टोचल्यासारखं करता आलं असतं. मी म्हणालो, "टोचलं, चाचा." त्यांनी खाली पाहिलं. आकडा आला तो मी त्यांना टिंबासकट वाचून दाखवला.

चाचांनी खिशातून पिवळा खडू काढला आणि चौथ्या चाकापाशी गेले. मला वाटलं होतं, दुसऱ्यानं केलेल्या कामाला ते हात लावणार नाहीत. "काम बरोबर झालंय," ते म्हणाले. "पर आपल्या गाडीवं रेघ पायजे." त्यांनी रेघ ओढली. ओढता ओढता खडू कटकन मोडला, उरलेल्या तुकड्यानं पुरी केली.

त्या दिवसापासून चाचांनी पट्टी हातात धरली नाही. औषधं चालू आहेत, साखर उतरली आहे, पण गेलेला हात परत येत नाही, हे मी त्यांना सांगितलं आहे. येतील त्या ड्रायव्हरांना ते स्वतःच सांगतात, "माझा हात गेला. पुढच्या दुकानात जा." काही जातात, काही तसेच चहा प्यायला बसतात. आधीच्या तीन आठवड्यांत हात लागलेल्या जेवढ्या गाड्या आठवल्या तेवढ्यांना त्यांनी निरोप धाडले. बहुतेक येऊन गेल्या, सगळ्या ठीक निघाल्या. दोन अजून आलेल्या नाहीत. त्या दोन गाड्यांचे रंग त्यांना पाठ आहेत आणि चौकात तसल्या रंगाची गाडी दिसली की ते उठून उभे राहतात. रविवारी मी गेलो की मला चाकापाशी बसवतात आणि डोळे मिटायला लावतात. "हात फिरवा. काय लागतंय?" मी जन्मभर हातमोजे घालून काम केलेला माणूस, मला रबर लागतं आणि धूळ लागते. ते मान हलवतात, "आजून न्हाई आलं," म्हणतात, आणि चहा मागवतात. पेला आता ते फडक्यात गुंडाळून धरतात.

टायर अजून तेच आहेत. पावसात, धुण्यात, रस्त्याच्या धुळीत तीन चाकांवरच्या रेघा केव्हाच पुसून गेल्या. चौथी तेवढी राहिली आहे. घासूनही जात नाही. ती ओढताना आपण किती जोर लावतोय, हे चाचांना कळत नव्हतं.